चपलांबरोबर 'पण'ही बाहेर

२०२२ च्या एप्रिलमध्ये भोंग्यांवरून राज्यभर वातावरण तापलं, तेव्हा आमच्या गल्लीत काहीच झालं नाही. ना दगड, ना घोषणा. मला भीती वाटली ती त्या शांततेची. बेकरीवाल्या चाचांनी त्या सकाळी 'टीचर, कडक की नरम?' असं विचारलं नाही. पाव कागदात गुंडाळले, सुटे पैसे हातावर ठेवले आणि मान खाली घातली. मीही काही बोलले नाही. जिना चढताना आठवलं, १९९२ च्या डिसेंबरातही सुरुवात अशीच झाली होती. आधी बोलणं बंद झालं, बाकीचं सगळं नंतर.

माझा जन्म भायखळ्याचा, सासरही भायखळ्यातच. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून २०२४ मध्ये निवृत्त झाले. आमच्या भागात तासाभराची पायी फेरी मारली, तर ग्लोरिया चर्च, मोतीशांचं जैन देरासर, मागेन डेव्हिड सिनेगॉग, बुद्धविहार, मशिदी आणि गणपतीचे मंडप सगळं वाटेत लागतं. पारशी बागा इथे आहेत, आणि ईद-ए-मिलादचा शंभर वर्षांहून जुना जुलूस ज्या खिलाफत हाउसपासून निघतो तेही इथेच. इतके खेटून राहतो म्हणजे एकमेकांना ओळखतोच, असं आम्ही धरून चाललो होतो. मागेन डेव्हिडचा घड्याळाचा मनोरा मी लहानपणापासून पाहत आले. आत पाऊल टाकलं ते वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही काहीजणांनी शाळेच्या वर्गात पहिली बैठक बोलावली. ती साफ फसली. टेबलावर चादर, शाल-श्रीफळ, पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागच्या बाकांवर बायका. प्रत्येक वक्त्याने आपला धर्म शांती शिकवतो असं सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अडीच तास. चहा बायकांनीच दिला. बाहेर पडताना मंडळाचा एक मुलगा दुसऱ्याला म्हणत होता, "यांच्यातला एक तरी खरं बोलला का रे?" तो माझाच विद्यार्थी. रात्रभर मला ते वाक्य टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले काका घरी आले. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईत ज्या मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, त्यांत ते तेव्हा काम करायचे. तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे या मंडळींनी लावून धरलेलं ते काम. काका भिवंडीचा दाखला नेहमी देतात. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या भयंकर दंगली पाहिल्या होत्या. तिथे १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने वस्तीवस्तीत अशा कमिट्या बांधल्या. पुढाऱ्यांना न बसवता गल्लीतली साधी माणसं बसवली, निम्मी हिंदू, निम्मी मुसलमान, आणि त्यांच्यात त्या बीटचा पोलीस. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

"तहान लागल्यावर विहीर खणायला निघालात तुम्ही," काका म्हणाले. "आधी गटारावर बोला. गटार सगळ्यांचं एकच आहे."

मग त्यांनी पद्धत घालून दिली. खुर्च्या नाहीत, सतरंजीवर गोल बसायचं. पहिला अर्धा तास पाणी, कचरा, गटार, नादुरुस्त दिवे. 'आमचा धर्म सांगतो' असं कुणी बोलायचं नाही, 'मी' पासून वाक्य सुरू करायचं. आणि कुणी आपलं काही सांगितलं, की त्यावर 'पण' म्हणायचं नाही. काकांनी फळ्यावर 'पण' लिहिलं, त्यावर काट मारली आणि म्हणाले, "चपला दाराबाहेर काढल्या ना? हाही तिथेच ठेवा. जाताना हवा असेल तर घेऊन जा."

मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं. 'पण' हे न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय. पहिल्या वाक्यात काही उणं आहे असं सांगणारं. वर्षानुवर्षं मुलांकडून हे पाठ करून घेतलं, आणि त्याचा खरा अर्थ त्या सतरंजीवर कळला. 'झालं ते वाईटच झालं, पण तुमच्या लोकांनीही...' इतकं म्हटलं की पहिलं अर्धं वाक्य पुसलं जातं. समोरच्याला फक्त दुसरं अर्धं ऐकू येतं. सुरुवातीला दर दोन मिनिटांनी कुणीतरी अडखळायचं. 'पण' ओठांवर यायचा, माणूस गिळायचा, आणि मग त्याला सुचायचंच नाही काय बोलावं. असं गप्प बसणं फार अवघड जायचं. पहिले चार महिने बैठकीला नऊ-दहा माणसंच टिकली ती बहुधा यामुळेच.

पहिला जोराचा धक्का दिला तो कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने. बौद्ध घरातली, शांत. तिसऱ्या की चौथ्या बैठकीत ती म्हणाली, "तुम्ही सगळे सारखे 'दोन्ही समाज' म्हणताय. त्यातला माझा कुठला? माझ्या आजोबांना इथल्या नळावर सगळ्यांचं भरून होईपर्यंत थांबावं लागायचं. तेव्हा तुमचे दोन्ही समाज एकत्रच होते." माझ्या जिभेवर 'पण आता तसं राहिलं नाही' हे तयार होतं. शेजारच्या कोकणी मुसलमान आपांच्याही असावं, त्यांनी पदर तोंडाशी नेला. कुणी काही बोललं नाही. त्यानंतर आमच्या बैठकीतून 'दोन्ही समाज' हा शब्द गेला. आता चुकून कुणी म्हणालं, तर मुलं बोटं मोजायला लागतात.

एकमेकांच्या घरी आणि प्रार्थनास्थळी जायचं ठरलं ते हिवाळ्यात. देरासर, चर्च, विहार, मशीद सगळीकडे गेलो. खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी आम्ही पाहुण्यांसारखे गेलो आणि पाहुण्यांसारखे परतलो. माहिती मिळाली, फोटो झाले. एक दिवस मात्र वेगळा गेला.

आमच्यात एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या मावशी आहेत. मूळ अलिबागकडच्या, घरात मराठीच बोलतात. कोकणात यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्या नातवाला नोकरी लागली म्हणून घरी मलिदा होता, त्याला आम्हा सगळ्या बायकांना बोलावलं. आधी सिनेगॉग दाखवलं. १८६४ सालचं, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं. त्याच आवारातल्या शाळांत आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत, हे बऱ्याच जणींना ठाऊक नव्हतं. मग घरी गेलो. मोठ्या परातीत भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बदामाचे काप, आणि भोवती रचून ठेवलेली फळं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना झाली, प्रसाद वाटला.

कोकणी मुसलमान आपांनी हातावरचे पोहे पाहिले आणि विचारलं, "ह्याला मलिदा म्हणता? आमच्याकडे फातेहाला मलिदा असतो, तो चपातीचा." त्यांनी लगेच हातांनी करून दाखवलं. गरम जाड चपाती, वर तूप आणि गूळ, दोन्ही तळहातांत धरून चोळत चोळत कुस्करायची, एकही तुकडा हाताला लागता कामा नये. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांची आई कोपऱ्यातून म्हणाली, "तसाच आमच्या गावचा. पिराला. पहिला निवद पाटलाच्या घरचा." त्या साताऱ्याकडच्या. त्यांनीही हात पुढे केले. त्यांचं कुस्करणं वेगळं, मुठीने दाबत. तिघी जणी जमिनीवर बसून रिकाम्या हातांनी मलिदा करत होत्या आणि कुणाचा बरोबर यावर वाद घालत होत्या. मी घरी येऊन शब्दकोश काढला. मलिदा म्हणजे फारसीत चोळलेलं, कुस्करलेलं. पोहे कुस्करायचे की चपाती, एवढाच फरक. त्या दिवसानंतर बैठकीला बायकांची संख्या दुप्पट झाली, आणि त्या मागच्या बाकावर बसल्या नाहीत.

जानेवारी २०२३ मध्ये त्र्याण्णवच्या दंगलीला तीस वर्षं होत होती. काका म्हणाले, आता बोलायला हवं. श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० मृत्यू नोंदवले आहेत. आम्ही ठरवलं की आकडे, आयोग, पक्ष, कोणी सुरू केलं, यातलं काही बोलायचं नाही. 'तेव्हा मी कुठे होतो' एवढंच सांगायचं.

मंडळाच्या अध्यक्षांनी सुरुवात केली. पन्नाशीचा, आडदांड माणूस. म्हणाले, "माझा मामा माथाडी होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कामावर गेला, परत आला नाही. आजी मरेपर्यंत रोज त्याचा डबा घासून ठेवायची." एवढं सांगून थांबले. सतरंजीवर पस्तीस माणसं होती आणि पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आता कुणीतरी उठून जाणार. बेकरीवाले चाचा बैठकीत कधीच बोलत नाहीत. ते हळूच म्हणाले, "मामा का नाम क्या था?"

अध्यक्षांनी नाव सांगितलं. चाचांनी ते एकदा स्वतःशी उच्चारलं. बस्स.

मग आपा बोलल्या. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. एका रात्रीत टेम्पोत सामान भरून मुंब्र्याला गेले. "बाहेरच्यांची भीती नव्हती वाटली," त्या म्हणाल्या. "कुठल्या दारावर खूण करायची ते दाखवणारा आमच्याच जिन्यातला होता, म्हणून गेलो." लग्नानंतर त्या पुन्हा भायखळ्यात आल्या, आणि अजूनही त्या चाळीसमोरून जाताना रस्ता बदलतात.

मग माझी पाळी आली. मी हे तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. माहेरी आमच्या मजल्यावर एक शिंपी कुटुंब होतं, मुसलमान. त्यांच्या दारावर पितळी पाटी होती. जानेवारीत एका रात्री वडिलांनी पेचकस घेऊन ती काढली. त्यांच्याच सुरक्षेसाठी काढली, ते मला आजही खरं वाटतं. चौथ्या दिवशी ते कुटुंब गेलं. खाली सामान भरत होते, मी गॅलरीत उभी होते. शिंपीणबाईंनी मला पहिलं ब्लाउज शिवायला शिकवलं होतं. त्यांनी वर पाहिलं. मी खाली उतरले नाही. पाटी आमच्याच कपाटात राहिली, वडील गेल्यावर माझ्याकडे आली. मी पिशवीतून ती काढून सतरंजीवर ठेवली. चार स्क्रूही तसेच कागदात बांधलेले. आपांनी ती उचलली, त्यावरचं नाव वाचलं, उलटी करून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. मुंब्र्यात त्यांनी चौकशी केली, मीही दोनदा जाऊन आले. अजून कुणी सापडलेलं नाही.

त्या बैठकीनंतर कामं भराभर होऊ लागली, हे मी अनुभवाने सांगते. त्या वर्षी २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. आपांनी सांगितलं की कुर्बानी ईदच्या दिवशीच करावी लागते असं नाही, त्यासाठी पुढचे दिवसही असतात. आमच्या गल्लीतल्या घरांनी ती दुसऱ्या दिवशी केली. काकांनी दोघांनाही बजावलं होतं: "उपकार म्हणून करू नका आणि उपकार म्हणून घेऊ नका. उपकाराचा हिशेब मनात राहतो."

मग आला सप्टेंबर. २८ तारखेला गुरुवारी अनंत चतुर्दशी, त्याच दिवशी ईद-ए-मिलाद. मुंबईतला मोठा जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचा निर्णय ज्येष्ठ मंडळींनी घेतला, सरकारने सुट्टीही २९ ला दिली. त्यात आमचा काही हात नव्हता. लालबागचा राजा भायखळ्यातून जाताना अग्निशमन दलाचे भोंगे वाजतात, पुढे नागपाड्यापर्यंत फुलं आणि पाणी घेऊन लोक उभे असतात; ते आम्ही फक्त पाहतो. आम्हाला सांभाळायची होती आमची गल्ली आणि आमच्या मंडळाची छोटी मिरवणूक.

इथे एक जुना सल होता. मिरवणुकीच्या वाटेवर दोन मशिदी आहेत. दरवर्षी दोन्हींपाशी पोलीस शिट्टी मारून ढोल-ताशे बंद करायचे. मुलं चिडायची: "एकदा नमाज झाली ना, मग पुन्हा कशाला?" आपांनी फळ्यावर उलगडून सांगितलं. एक मशीद कोकणी लोकांची, ते शाफई पंथाचे. दुसरी उत्तरेकडून आलेल्यांची, ते हनफी पंथाचे. दुपारच्या असरच्या नमाजची वेळ शाफईंची आधी, हनफींची साधारण तासाभराने. मुलांना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटायचं मुद्दाम अडवतात. उलट मशिदीच्या विश्वस्तांना वाटायचं, मंडळ मुद्दाम दारातच थांबून वाजवतं. त्यांना अध्यक्षांनी समजावलं की उत्तरपूजा झाल्यावर मूर्ती हलवावीच लागते, वाटेत घराघरांतून आरतीचं ताट येतं, तिथे थांबावं लागतं, आणि वळणावर ट्रॉली वळवायला दहा मिनिटं जातात. ते वळण नेमकं मशिदीच्या दारात. आम्ही तक्ता केला: दोन मशिदींच्या सामूहिक नमाजांच्या मधल्या वेळेत दोन्ही दारं पार करायची.

तक्ता कोलमडला. ट्रॉलीचं चाक गटाराच्या झाकणात अडकलं, पाऊण तास गेला. दुसऱ्या मशिदीजवळ पोहोचलो तेव्हा लोक हातपाय धुऊन, वजू करून आत जात होते. ताशेवाला गरम, पोरं गुलालाने माखलेली. माझ्या पोटात गोळा आला. अध्यक्षांनी फोन काढला आणि आत विश्वस्तांना लावला. "किती वेळ?" "बारा मिनट." अध्यक्षांनी हात वर केला, ढोल थांबले. कुणी शिट्टी मारली नव्हती. कोपऱ्यावर मूर्ती उभी, मुलं फुटपाथवर बसली. बेकरीतून पाण्याच्या बाटल्या आल्या. तेराव्या मिनिटाला विश्वस्त स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "हो गया, चलो." त्याच रात्री, विसर्जन करून परतल्यावर, मुलांनी मंडपाचे बांबू सोडून घेतले. एरवी ते आठवडाभर तसेच असतात. दुसऱ्या दिवशी जुलूस तिथून सरळ गेला.

पुढच्या दोन वर्षीही गाठ पडली. २०२४ ला मुंबईत जुलूस १८ सप्टेंबरला निघाला, २०२५ ला ८ सप्टेंबरला. मी कालनिर्णय घेऊन बसले तेव्हा कोडं सुटलं. ईद महिन्याच्या बाराव्या दिवशी, अनंत चतुर्दशी शुद्ध चौदाव्या. दोन्ही महिने एकाच चंद्राचे असले की सण खेटून येतात. आपल्याकडे मध्ये अधिक महिना येतो, त्यांच्याकडे येत नाही, आणि तो आला की फारकत होते. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणपती पुढे जातील. मुलांना मी हे सांगितलं तर एक म्हणाला, "म्हणजे पुढच्या वर्षी तक्ता नको?" काका म्हणाले, "पुढच्या वर्षीच जास्त लागेल."

सगळं जमलं असं नाही. दोन घरं कधीच आली नाहीत. मांसाच्या वासावरून देरासराजवळच्या एका इमारतीतलं भांडण तीन वर्षं तसंच आहे, आम्ही तीनदा बसलो, तीनदा अपयश आलं. मोबाइलवर आलेल्या एका खोट्या चित्रफितीवरून आमचा एक जुना सदस्य बैठक सोडून गेला, मी त्याच्या घरी गेले तर दार उघडलं नाही. एका पोलीस अधिकाऱ्याला आमच्या बैठका म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटायचा. त्याची बदली झाली, नंतरचे स्वतः येऊन सतरंजीवर बसतात. इतकं सगळं एका माणसाच्या स्वभावावर अवलंबून असावं, हे मला मान्य नाही.

आता समोर वेगळाच प्रश्न आहे. आमच्या पाच चाळींचा एकत्र पुनर्विकास होतोय. त्यात मराठी घरं आहेत, कोकणी मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, मावशींचं घर आहे. काहींनी विकासकाला पत्र द्यायचं ठरवलं आहे की नव्या इमारतीत 'त्यांची' विंग वेगळी ठेवा, म्हणजे कुणालाच त्रास नको. पत्रावर सह्या फिरतायत. परवा आपांनी मला जिन्यात थांबवलं. "टीचर, तुम्ही सही केली काय?"

मी केलेली नाही. माझ्या मुलाने केली आहे. मी आपांना जिन्यात एवढंच म्हणाले की रविवारी सांगते. मुलगाही येणार आहे, मी त्याला बोलावलं आहे. त्याने सही का केली ते तो सांगेल, आणि त्याचं बोलून होईपर्यंत मलाही 'पण' म्हणता येणार नाही.